'कॅनरीज' : एका मावळलेल्या शब्दाची कुळकथा

मुंबईहून सोलापूरमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर 'गाणगापूर रोड' नावाचे स्थानक आहे. पुण्यासाताऱ्याकडचे भाविक येथे उतरतात आणि पुढची वाट मोटारीने संपवून भीमा व अमरजा या नद्यांच्या संगमावर स्नानाला जातात. दुपारी बाराच्या सुमारास गावात दारोदार मधुकरी मागण्याची चाल आहे. एरवी कोणापुढे हात न पसरणारा गृहस्थही त्या दिवशी झोळी घेऊन उभा राहतो. तो मराठीत भिक्षा मागतो. दारातली बाई आत वळून आपल्या सुनेला कानडीत काही सांगते आणि बाहेर येऊन भाकरीचा तुकडा झोळीत घालताना चार शब्द मराठीत बोलते. कोणाचे काही अडत नाही.

येथील निर्गुण मठात ज्यांच्या पादुका आहेत ते श्रीनृसिंहसरस्वती वऱ्हाडातील कारंज्याचे. नरसोबाच्या वाडीचा मुक्काम संपवून ते पंधराव्या शतकात गाणगापुरी आले आणि वीसएक वर्षे येथे राहिले. त्यांचे चरित्र पुढे सरस्वती गंगाधराने मराठी ओवीत लिहिले. तोच 'गुरुचरित्र' हा ग्रंथ. हा ग्रंथकार सायंदेवाच्या वंशातला. हे कुळ येथून जवळच्या कडगंचीचे, आणि अभ्यासकांच्या मते त्याची घरची भाषा कानडी. म्हणजे कानडी घरातल्या माणसाने, कानडी मुलखात, मराठी यतीचे चरित्र मराठीत लिहिले. ते आज महाराष्ट्रात घरोघर सप्ताह करून वाचले जाते. या बाईच्या घरातल्या, आणि बहुधा त्या ग्रंथकाराच्याही घरातल्या, भाषेला इंग्रजांनी शंभरदीडशे वर्षे एक नाव दिले होते. ते म्हणजे 'कॅनरीज'. आज ते कोशात 'जुना शब्द' अशी खूण लावून पडले आहे. परंतु त्याची कुळकथा पाहू लागले, की एकाच नावाने निरनिराळ्या काळी निरनिराळी माणसे ओळखली गेल्याचे दिसते आणि त्यातली कित्येक कानडी बोलतही नव्हती.

शब्दाची घडण सोपी आहे. 'कॅनरा' हे देशनाम आणि त्याला 'ईज' हा प्रत्यय. चायनीज, जॅपनीज, बर्मीज हे शब्द याच साच्यातले. प्रत्यय युरोपीय, पण देशनाम इथलेच. 'कन्नड' हा मूळ शब्द. त्याची फोड कोणी 'करु नाडु' म्हणजे काळ्या मातीचा देश अशी करतात, तर कोणी उंचवट्याचा देश अशी करतात. भीमेकाठची काळी जमीन पाहणाऱ्याला पहिली फोड पटावी यात नवल नाही. वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटवण्याचे कारणही येथे नाही. खरी गंमत पुढे आहे. हे नाव इंग्रजीत थेट आले नाही. ते पोर्तुगीजांच्या तोंडून आले आणि पोर्तुगीजांनी ते भलत्याच लोकांना लावले होते.

पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले. मलबारातून किनाऱ्याने उत्तरेकडे सरकताना त्यांची गाठ आधी होनावर, भटकळकडील कानडी मुलखाशी पडली आणि मग गोव्याशी. १५१० मध्ये आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला, तेव्हा त्याला साह्य करणारा तिमय्या हाही होनावरकडचाच दर्यावर्दी. गोव्यावर त्यापूर्वी कदंबांचे आणि विजयनगरचे राज्य होऊन गेलेले होते. कदंबांच्या लेखांत कानडी आहे आणि कानडी वळणाची लिपी गोव्यात लिहिली जात होती. दक्षिणेकडून आलेल्या या पाहुण्यांनी जे नाव वाटेत ऐकले तेच गोव्यातल्या रयतेला चिकटवले असावे. गोव्याचा शेतकरी, कोळी, भंडारी त्यांच्या कागदात 'कानारिम' झाला आणि त्याची कोकणी झाली 'कानारिम भाषा'.

लिन्शोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी होता. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये डच भाषेत आणि दोनच वर्षांनी इंग्रजीत छापले गेले. त्यात गोव्याभोवती शेती व मासेमारी करणाऱ्या गरीब लोकांची नावे 'कानारिन' आणि 'कोरुंबिन' अशी आहेत. यातला 'कोरुंबिन' म्हणजे आपला कुणबी. कान देऊन ऐकले तर कुणबी त्यात सापडतो, पण कानारिनात कोकणी माणूस कितीही शोधला तरी सापडत नाही. इंग्रजी वाचकाला हे नाव प्रथम कळले ते अशा रीतीने. कानडी भाषा तेव्हा त्याच्या गावीही नव्हती.

त्याच काळात गोव्यात एक इंग्रज मात्र या भाषेच्या अगदी गाभ्यात शिरलेला होता. येशूसंघाचे फादर टॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये मरण येईपर्यंत त्यांचे आयुष्य बहुतेक साष्टीत गेले. भारतात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचे नाव घेतात. मराठी माणूस त्यांना ओळखतो तो 'ख्रिस्तपुराणा'मुळे. १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यात रोमन अक्षरांत छापलेल्या या ग्रंथात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. विल्टशायरमध्ये जन्मलेल्या माणसाने मराठीचे केलेले कौतुक त्यात आहे. ते शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असते, म्हणून येथे त्याची द्विरुक्ती नको.

पण स्टीफन्सांची दुसरी दोन पुस्तके पाहावीत. दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर रायतूरलाच छापली गेली. १६२२ मधील धर्मशिक्षणाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भाषेचे नाव 'ब्राह्मण कानारिम' असे आहे. १६४० मधील व्याकरणाचे नाव 'आर्त द लिंग्व कानारिम', म्हणजे कानारिम भाषेचे व्याकरण. फादर दियोगो रिबेरो यांनी त्यात भर घातली होती. भारतीय भाषेचे छापून निघालेले पहिले व्याकरण हेच, असे समजले जाते. नाव वाचून कोणी ते कन्नड व्याकरण म्हणून उघडले, तर त्याला आत कन्नडाचा एक प्रत्ययही मिळणार नाही. आत आहे ती कोकणी. ज्या माणसाने १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनसारखी आहे हे ओळखले, म्हणजे विल्यम जोन्सच्या सुमारे दोनशे वर्षे आधी ओळखले, त्याला कानडी आणि कोकणी यांतले अंतर कळले नसेल असे म्हणता येत नाही. त्याला ते कळत होते. तरी रूढ नाव त्याच्या पुस्तकावरूनही हलले नाही. विद्वानाचे ज्ञान पुस्तकाच्या आत राहते आणि दफ्तराचे नाव मुखपृष्ठावर बसते, असे पुष्कळदा घडते.

या चुकीचे ओझे कोणी वाहिले? 'कानारिम' या शब्दाला पुढे हलकेपणा आला. पोर्तुगीज अंमलाच्या इतर मुलखांत गोमंतकीयाला हिणवायचे झाले की हाच शब्द वापरीत. भाषेचे तर आणखी हाल झाले. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला, की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. धर्मगुरूंनी एकेकाळी कष्टाने शिकलेली, व्याकरणात बसवलेली भाषा आता रयतेने विसरावी अशी ही आज्ञा होती. तीन वर्षे गेली, तीनशे गेली, आणि भाषा आहे तेथेच आहे. पण तिचे खरे नाव छापील पुस्तकावर यायला बराच काळ गेला. १८५७ मध्ये गोव्याच्या गव्हर्नर जनरलचे चिटणीस कुन्या रिव्हारा यांनी पणजीत स्टीफन्सांचे व्याकरण पुन्हा छापले. हे स्वतः पोर्तुगीज होते आणि इथल्या भाषेचा कैवार त्यांनी आपण होऊन घेतला होता. त्यांनी मुखपृष्ठावरचा 'कानारिम' काढला आणि तेथे 'कोंकणी' असे लिहिले. पुस्तक तेच. नाव बदलायला दोनशे सतरा वर्षे लागली.

इकडे इंग्रजांच्या हाती हाच शब्द वेगळ्या वाटेने आला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूच्या राज्यातला पश्चिम किनारा कंपनीकडे आला. त्या जिल्ह्याला 'कॅनरा' हे नाव मिळाले आणि टॉमस मन्रो तेथला पहिला कलेक्टर झाला. पुढे जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले आणि १८६२ मध्ये उत्तर कॅनरा मुंबई इलाख्याला जोडला गेला. आता पाहा, या किनाऱ्यावर लोक बोलतात काय? मंगळूरच्या बाजूला तुळू, कारवारच्या बाजूला कोकणी, आणि त्यांच्या जोडीला कन्नड. नाव मात्र एकट्या कन्नडावरून. उलट, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना कन्नड ग्रंथ 'कविराजमार्ग' नवव्या शतकाच्या मध्याला राष्ट्रकूट नृपतुंग अमोघवर्षाच्या सभेत तयार झाला. त्या राजाची मान्यखेट राजधानी म्हणजे आजचे मळखेड. ते कलबुर्गी जिल्ह्यातच, गाणगापूरच्या पूर्वेस आहे. कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा देश तो कन्नडाचा, असे त्या ग्रंथात सांगितले आहे. कन्नडाची ही माहेरची भूमी निजामाच्या राज्यात होती, म्हणून इंग्रजांच्या नकाशात ती 'कॅनरा'त कधीच आली नाही. माहेर नावाबाहेर राहिले आणि नाव गेले समुद्रकाठी.

'कर्नाटक' या शब्दाचीही गत अशीच झाली, फक्त दिशा उलटी. विजयनगरचे साम्राज्य कर्नाटकाचे म्हणून त्याच्या पूर्वेकडील मुलखालाही तेच नाव पडले, आणि ते साम्राज्य मोडल्यावरही नाव तेथे राहिले. अर्काटचा नवाब तमिळ रयतेवर राज्य करी, पण इंग्रज त्याला 'कर्नाटिक'चा नवाब म्हणत. क्लाइव्ह आणि डुप्ले यांच्या काळची कर्नाटकातील युद्धे तमिळ मुलखात झाली. मराठ्यांनीही येथे इंग्रजांना हसू नये. शिवाजी महाराजांची १६७७ ची कर्नाटकाची स्वारी जिंजी आणि वेल्लोरपर्यंत गेली, आणि मराठी कागदांत तो सारा मुलूख 'कर्नाटक'च आहे. तमिळ भाषेच्या वाट्याला तर 'मलबार' हे नाव आले होते. १५७८ मध्ये कोल्लमला छापलेल्या तमिळ पुस्तकावर 'मलबार तमुल' असेच आहे. तेलुगूला 'जेंटू' म्हणत. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ केवळ 'ख्रिस्ती नसलेला' एवढाच. किनाऱ्यावर उभे राहून देशाला नावे ठेवली की असे होते.

मराठीत हा शब्द कधीपासूनच आहे, आणि मराठीनेही त्याच्याशी थोडा खेळ केला आहे. 'कानडा' म्हणजे कर्नाटकातला हा एक अर्थ. जुन्या मराठीत त्याचा दुसरा अर्थ आहे कळायला कठीण, अगम्य. ज्ञानदेवांच्या विठ्ठलाला लावलेल्या 'कानडा' या विशेषणात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत आणि ते वेगळे करण्याचा आग्रह रसिकाने धरू नये. पंढरपूरची भीमा तीच गाणगापूरची भीमा. वरच्या अंगाला जो देव कानडा म्हणवला, त्याच नदीच्या खालच्या अंगाला कानडी खरोखरच घराघरांत बोलली जाते. तुकोबांच्या एका अभंगात कानडी बायको आणि मराठी नवरा यांचा संसार आहे. एकाचे बोलणे दुसऱ्याला उमगत नाही आणि त्यातून घोटाळा होतो. विनोद असला तरी असे संसार होत होते, हे त्यावरून दिसते. मराठी घरातल्या हाका पाहा. अण्णा आणि अक्का हे शब्द कानडीकडून आलेले आहेत असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. आणि गवयाने दरबारी कानडा आळवला, तर ऐकणाऱ्याला त्यात परका मुलूख आठवत नाही.

इंग्रजी पुस्तकांत कन्नडाच्या नावाची स्थिती बराच काळ डळमळीत होती. विल्यम केरी यांनी १८१७ मध्ये श्रीरामपूरहून व्याकरण काढले ते 'कुर्नाट' भाषेचे. १८२० मध्ये मद्रासला मॅकेरेल यांचे निघाले ते 'कर्नाटक' भाषेचे. मग 'कॅनरीज' पक्के झाले. शिरगणतीत, ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीत तेच नाव आहे. ई. पी. राइस यांनी कन्नड साहित्याचा इतिहास प्रसिद्ध केला, त्याच्या नावातही तेच. पण मधल्या काळात मंगळूरच्या बासेल मिशनचे जर्मन पाद्री फर्डिनांड किट्टेल यांनी १८९४ मध्ये आपला महाकोश छापला, आणि त्याच्या नावात त्यांनी 'कन्नड' हा शब्द लिहिला. पोटाला चिमटा घेऊन वर्षानुवर्षे शब्द गोळा करणाऱ्या माणसाने निदान पहिला शब्द तरी बोलणाऱ्यांना विचारून घेतला होता. 'हॉब्सन-जॉब्सन' हा यूल आणि बर्नेल यांचा प्रसिद्ध शब्दकोश १८८६ मध्ये निघाला. त्यातही 'कॅनरा' या नोंदीखाली स्पष्ट म्हटले आहे, की मूळ नाव 'कन्नड' आणि किनाऱ्याला ते लावण्याची चाल युरोपीयांची दिसते. बर्नेल स्वतः मंगळूर आणि तंजावरकडे न्यायाधीश होते. त्यांनी तेथली माणसे ऐकलेली होती.

सरकारी कागदावरचा निकाल १९५० च्या राज्यघटनेने लावला. आठव्या अनुसूचीत 'कन्नड' आहे. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. निजामाच्या राज्यातील गुलबर्गा, बीदर, रायचूरचा कन्नड मुलूख म्हैसूर राज्यात आला आणि गाणगापूर त्याबरोबर गेले. १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. १९९२ मध्ये कोकणीही आठव्या अनुसूचीत आली. एकेकाळी एकाच नावाखाली कोंबलेल्या दोन भाषा आता तेथे आपापल्या नावाने आहेत. दोन्ही 'कॅनरा' जिल्ह्यांनी उत्तर कन्नड व दक्षिण कन्नड अशी नावे घेतली. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. जुना शब्द तगला तो १९०६ मध्ये मंगळुरात निघालेल्या एका पतपेढीच्या नावात. तिची पुढे कॅनरा बँक झाली आणि तिच्या पाट्या देशभर आहेत. त्या पाटीखालून जाणाऱ्याला त्यात गोव्याचा कुणबी आठवण्याचे काही कारण नाही.

राज्यपुनर्रचनेच्या वेळी सीमेवरच्या गावागावांत कोण किती मराठी आणि कोण किती कानडी याची मोजदाद झाली. ती करणाऱ्यांचा हेतू शुद्ध असेल, पण तक्त्यात एका माणसाला एकच रकाना असतो. गाणगापुरातल्या पुजाऱ्याच्या घरी यजमान मराठी आणि चूल कानडी. सरस्वती गंगाधर आज हयात असता तर त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे, असा प्रश्न गणकाला पडला असता, आणि त्याने बहुधा शाईचा एक डाग पाडून पान उलटले असते.

त्याच्या ग्रंथात एक जागा आहे. सायंदेव सद्गुरूंची स्तुती करतो आणि मराठी ओव्यांच्या ओघात अचानक कानडी पदे येतात. आपल्या पूर्वजाच्या तोंडची भाषा ग्रंथकाराने तशीच ठेवली आहे, तिचे मराठी केलेले नाही. पुण्याच्या एखाद्या वाड्यात किंवा नागपूरच्या चाळीत सप्ताहाचा वाचक या पदांपाशी येतो. कानडीचा एक शब्दही त्याला येत नसतो. तो जरा सावकाश होतो, एकेक अक्षर लावून ती पदे मोठ्याने म्हणतो आणि पुढच्या ओवीवर जातो. पदे गाळण्याचा प्रघात नाही.